कोकण किनाऱ्याने एकटीने सायकलवर: दिवस कसा धरायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यातल्या कर्द्याहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत एकटीने सायकलने जायचं आहे, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. पुण्याच्या आसपास सपाट रस्त्यावर दिवसाला शंभर किलोमीटर आरामात होतात. मग कोकणात सामानासह रोज ऐंशी धरले तर चालतील का, दिवस नेमका कसा जातो, आणि एकटीने असताना वेगळं काय सांभाळायचं?

ऐंशी धरू नका. पन्नास ते सत्तरच्या मधे धरा, आणि तो आकडाही शेवटी ठरवा. आधी चढ मोजा, मग खाड्या मोजा, मग त्यात किलोमीटर किती बसतात ते बघा. मी या किनाऱ्यावर बरीच वर्षं एकटीने सायकल चालवते आहे. दिवस चांगला जाणार की ओढत न्यावा लागणार हे जवळजवळ दर वेळी आदल्या संध्याकाळी ठरलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

किनाऱ्याची रचना बघितली की हे पटेल. गावं समुद्राच्या नाहीतर खाडीच्या पातळीला, माडापोफळीच्या सावलीत. दोन गावांच्या मधे जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या कातळाचं पठार, शंभर-दीडशे मीटर उंच आणि उघडाबोडका. रस्ता गावातून निघतो, वळणं घेत सड्यावर चढतो, दोन-चार किलोमीटर वरून जातो आणि पुन्हा थेट पाण्याच्या पातळीला उतरतो. मग पुढची वाडी, पुढचा पऱ्या (ओढा), पुन्हा चढ. दिवसात अशा पाच-सहा घाट्या सहज लागतात. एकेक घाटी जेमतेम दीड-दोन किलोमीटरची, पण चढ आठ-दहा टक्क्यांचा, एखाद्या वळणावर त्याहून तिखट. सिंहगडाची चढाई साधारण सहाशे मीटर आहे. कोकणात सत्तर किलोमीटरच्या दिवसात चढाईची बेरीज हजाराच्या पुढे जाते, तीही तुकड्यातुकड्यांत, प्रत्येक वेळी थंड पडलेले पाय पुन्हा तापवत.

उतारावर वेळ भरून निघेल हा हिशेबही चुकतो. दोन किलोमीटरची घाटी सामानासह ताशी सहाच्या वेगाने चढलात तर वीस मिनिटं गेली. तीच उतरताना चार-पाच मिनिटं लागतात. वाचलेली मिनिटं चढात गेलेल्या मिनिटांची भरपाई करत नाहीत. त्यामुळे एकूण सरासरी ताशी बारा-तेराच्या वर जात नाही. सत्तर किलोमीटर म्हणजे नुसतं पेडल मारणंच सहा तास. डिसेंबर-जानेवारीत सातच्या सुमाराला उजाडतं आणि सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. त्या अकरा तासांतून दुपारचे अडीच-तीन तास उन्हाचे वजा करा, फेरीबोटीचा तास वजा करा, खाण्याचा तास वजा करा. उरतात ते सहा. ऐंशी धरलेत की अंधारात अनोळखी उतारावरून गाव शोधत जायची वेळ येते, आणि एकट्या माणसाने नेमकं तेच टाळायचं असतं.

तुमच्याच मार्गावरचा एक दिवस घेऊन सांगते, कर्दे ते हेदवी. कर्द्याहून लाडघर, बुरोंडी, कोळथरे, पंचनदी करत दाभोळ. तिथून फेरीबोटीने खाडीपलीकडे धोपावे. मग गुहागर, पालशेत आणि हेदवी. एकूण सत्तरच्या आसपास. तुमच्या प्रवासातला हा जड दिवसांपैकी एक आहे, म्हणून मुद्दाम हाच घेतला.

आदल्या संध्याकाळी नकाशावर तीन गोष्टी बघून ठेवा. पहिली, घाट्या कुठे आहेत आणि त्यांतली सगळ्यात मोठी कितव्या किलोमीटरला येते. ती अकराच्या आत पार पडली पाहिजे. दुसरी, बोट. कागदावर रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग आहे, पण सगळ्याच मोठ्या खाड्यांवर अजून पूल झालेले नाहीत. दाभोळ-धोपावे बोट २००३ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून किनाऱ्याने जाणाऱ्याचा दिवस बदलला. बोट चुकवून खेड-चिपळूणवरून गुहागरला जायचं तर शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून पहिली फेरी कधी, दुपारी मधे खंड असतो का, हे घरमालकांना विचारा. त्यांच्याकडे जेटीवरच्या कुणाचा तरी नंबर असतोच. तिसरी गोष्ट म्हणजे मोबाइलवरचा नकाशा दाखवतो त्या जवळच्या वाटा. दाभोळच्या अलीकडे आणि गुहागर तालुक्यात अशा कित्येक बारीक रेषा आहेत ज्या प्रत्यक्षात पाखाड्या आहेत, जांभ्याच्या पायऱ्यांच्या. सायकल आणि दहा किलो सामान घेऊन पाखाडी चढणं हे दिवस घालवायचं काम आहे. ज्या रस्त्याने एसटी जाते तोच रस्ता धरा. गावात रात्री वस्तीची गाडी येत असेल तर तिच्या चालकाला विचारा. चढ किती, खडी कुठे उखडली आहे, काम कुठे चालू आहे, हे त्याच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगत नाही. मोटरसायकलवाल्याला चढ जाणवत नसतो, त्यामुळे तो मनापासून ‘थोडासाच आहे’ म्हणतो.

सकाळी पाचला उठा आणि उजाडताच सायकलवर बसा. निघण्याआधी एखादा लाडू आणि चहा पुरे, पोटभर नाश्ता नंतर. हवा दाबून बघा, दोन्ही ब्रेक आवळून सायकल पुढे ढकलून बघा, आणि कॅरिअरचे चारही बोल्ट अ‍ॅलन कीने तपासा. हे चार बोल्ट रोज तपासायचे. कोकणातल्या रस्त्यांवर सामानाच्या हादऱ्यांनी ते हळूहळू सैल होतात, आणि त्यांतला एक जरी उतारावर निसटला तर कॅरिअर मागच्या चाकात जाऊ शकतो. सामान बारा किलोच्या वर नको, दहाच्या आत आणलंत तर उत्तम. सगळ्यात लहान गिअर पुढे तीसच्या आसपास दात आणि मागे चौतीस किंवा जास्त, असा असला की दहा टक्क्यांची घाटी बसून चढता येते. त्याहून जड गिअर असेल तर निघण्याआधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, बदलून घ्या. गुडघ्याच्या दुखण्यावर नंतर होणाऱ्या खर्चापेक्षा हा खर्च फार कमी आहे.

पहिल्या दोन तासांत घाई करू नका. गारवा असतो, पाय ताजे असतात, बुरोंडीच्या चढावर जोर लावावासा वाटतो. एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल एवढ्याच जोरात चढा. सोबत कुणी नसलं तरी बोलून बघा, चालतं. आणि सड्यावर जायच्या आधी, म्हणजे गाव सोडतानाच, दोन्ही बाटल्या भरून घ्या. मी सगळ्या नव्या लोकांना हे आवर्जून सांगते: कोकणात पाणी, सावली आणि दुकान या तिन्ही गोष्टी खाली असतात. वर यांतलं काही नसतं. खाली असताना तहान नसते म्हणून माणूस तसाच पुढे जातो आणि वरच्या तापलेल्या कातळावर बाटली रिकामी होते.

दाभोळला साडेनऊ-दहापर्यंत पोचलात की दिवस हातात आहे असं समजा. एके काळचं हे मोठं बंदर, वाशिष्ठीच्या मुखावरचं. धक्क्यापासून जवळच आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे. बोटीला वेळ असेल तर जरूर बघा, थांबायचंच आहे तर असं थांबावं. बोटीवर चढताना मात्र घाई नको. लोखंडी फळका आणि त्याच्यापुढचा धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा झालेला असतो, ओहोटीला तर जास्तच. आधी गाड्या उतरू द्या, मग चढणाऱ्या गाड्या चढू द्या, मग तुम्ही. सायकलवरून उतरून, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून, चाक फळक्याच्या सांध्याला आडवं घालून न्या. सांध्यात सरळ गेलं की पातळ टायर अडकतो. बोटीवर सायकल कडेच्या कठड्याला टेकवा आणि मागचा ब्रेक रबरबँडने हँडलला बांधून टाका. बोट धक्क्याला टेकताना हिसका बसतो, तेव्हा सामानाने जड झालेली सायकल आपोआप पुढे जाते आणि बाजूच्या गाडीवर आदळते. पाच रुपयांच्या रबराने तो प्रश्न सुटतो. खारं पाणी उडालं असेल तर संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन टाका, साखळीवर एका रात्रीत गंज दिसायला लागतो.

खरा नाश्ता या टप्प्यावर करा, दाभोळला किंवा पलीकडे गुहागरला. पोहे, उपमा, घावन, मिळेल ते, पण भरपूर. चालवताना तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास असतात, त्यामुळे तासाला एक केळं आणि एखादा राजगिऱ्याचा लाडू किंवा चार खजूर एवढा साधा हिशेब ठेवा. भूक लागल्यावर खाऊ असं ठरवलंत की उशीर होतो. भूक लागते तोवर पायांतलं बळ ओसरायला लागलेलं असतं. घड्याळाचा गजर पाऊण तासावर लावून ठेवा आणि वाजला की दोन घास खा, इच्छा असो वा नसो.

पाण्याचं गणित याहून नाजूक आहे. डिसेंबर-जानेवारी म्हणजे आपल्याला देशावरची थंडी आठवते, पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर त्या दिवसांतही दुपारचं तापमान बत्तीस-तेहतीसच्या आसपास जातं, आणि दमट हवेत घाम सुकत नाही म्हणून अंग थंड होत नाही. तासाला पाऊण लिटर तरी प्या, सड्यावर लिटरपर्यंत. नुसतं पाणी मात्र नको. घामातून मीठ जातं, आणि वर नुसतं पाणीच पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम आणखी उतरतं. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. ओआरएसच्या पुडीत लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. दुपारपर्यंत एक आणि दुपारनंतर एक अशा दोन पुड्या ठेवा. शहाळं छानच, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी, त्यामुळे त्याच्यासोबत काहीतरी खारट खा. मीठ घातलेलं कोकम सरबत या हवेत मला सगळ्यात मानवतं.

इथे एक गोष्ट बायकांसाठी स्पष्टच सांगते. बाथरूमची सोय नसेल या भीतीने पाणी कमी पिणं हे मी फार मुलींमध्ये पाहिलं आहे, आणि उन्हात आजारी पडायचं ते सगळ्यात नेहमीचं कारण आहे. किनारी रस्त्यावर पेट्रोल पंप कमी आहेत, एसटी स्टँड मोठ्या गावांतच. उपाय सरळ आहे: घरात विचारा. अंगणात कुणी बाई दिसल्या की थांबून ‘काकू, जरा बाथरूमला जाऊ का?’ म्हणायचं. मला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. बहुतेक वेळा पाणी, चहा आणि चौकशी हे तिन्ही मिळतं. चार तासांत लघवीला झालीच नाही, किंवा झाली ती गडद पिवळी, तर पाणी कमी पडलं आहे हे नक्की समजा. पाळीच्या दिवसांत चालवता येतं, फक्त तो दिवस पन्नासच्या आत ठेवा आणि पॅडऐवजी कप वापरायची सवय असेल तर सीटवर घासणं पुष्कळ कमी होतं. पॅडवाल्या सायकल शॉर्टखाली अंतर्वस्त्र घालायचं नाही, सकाळी व्हॅसलीन लावायचं, शॉर्ट रोज धुवायचीच. सीटखालची जखम दुसऱ्या दिवशी लालसर डागाएवढी असते आणि चौथ्या दिवशी बसू देत नाही.

बाराच्या आत गुहागर गाठा आणि तिथे थांबा. अडीच-तीनपर्यंत उन्हात जायचं नाही हा नियम मी कधीच सैल करत नाही. व्याडेश्वराच्या देवळाच्या सावलीत बसता येतं, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. जेवण मात्र अर्धपोटी ठेवा. मासळीचं ताट आणि सोलकढी समोर आली की हात आखडता घेणं कठीण, हे मला माहीत आहे, पण पुढे पालशेतनंतर चढ आहेत. भात, आमटी, थोडी भाजी, ताक. ताट रात्री घ्या, हेदवीत. झोप लागत असेल तर अर्धा तास झोपा, पैसे आणि मोबाइलची पिशवी डोक्याखाली घेऊन आणि सायकल खांबाला कुलपाने अडकवून.

दोन ते चार हा काळ एकट्या माणसाला मनाने सगळ्यात जड जातो. कंटाळा येतो, हे सगळं कशासाठी असं वाटायला लागतं, घरी फोन करून रडू येतं कधीकधी. सोबत असती तर तिने चार शब्द बोलून हे उडवून लावलं असतं. इथे ते आपणच करायचं. मी स्वतःपुरता एक नेम ठेवला आहे: उपाशी असताना आणि उन्हात उभी असताना प्रवास सोडण्याचा निर्णय घ्यायचा नाही. सावलीत बसायचं, काहीतरी गोड आणि काहीतरी खारट खायचं, अर्ध्या तासाने पुन्हा विचार करायचा. बहुतेक वेळा तोवर मन निवळलेलं असतं. पण शरीराच्या खुणा वेगळ्या, त्यांच्याशी वाद घालायचा नाही. उन्हात अंगावर काटा येणं, घाम अचानक थांबणं, डोकं ठणकणं, चक्कर, बोलताना शब्द अडकणं, यांतलं काहीही झालं तर त्याच जागी थांबा, सावलीत बसा, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओता, पहिली दिसेल ती गाडी थांबवा. घाम थांबला असेल किंवा बोलताना अडखळायला होत असेल तर थेट १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मदतीसाठी ११२ आहेच. सड्यावर रेंज असते, खाली खाडीकाठी अनेकदा जाते, हेही लक्षात असू द्या.

तीनला निघालात की वारा मदतीला असतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारे, दुपारी समुद्राकडून खारे वारे, हे आपण शाळेत शिकलो. या किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो उजव्या खांद्यामागून मिळतो. तुम्ही दापोलीहून वेंगुर्ल्याकडे जाताय ही दिशा म्हणूनच योग्य आहे, उलट येणाऱ्याला दुपारनंतर रोज त्याच्याशी झगडावं लागतं.

मोडकाआगर, पालशेत आणि पुढे हेदवीकडे उतरताना रस्ता अरुंद आणि वळणं आंधळी आहेत. उतार संपतो तो बरेचदा थेट बाजारात, एखाद्या मोरीवर नाहीतर उभ्या एसटीसमोर. दोन्ही ब्रेक सतत दाबून ठेवू नका, आलटून पालटून मारा, वळणाच्या आधी वेग कमी करा आणि वळणावर ब्रेक सोडा. सुट्ट्यांच्या दिवसांत शहरांतून आलेल्या गाड्या या वळणांवर वाट्टेल तशा येतात. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा, आरसा लावा, आणि वळणावर रस्त्याच्या अगदी कडेला खडीत जाऊ नका. कडेला गेलं की मागचा माणूस जागा आहे समजून घुसतो आणि तुमच्याकडे सरकायला काही उरत नाही.

एकटीच आहात का, हा प्रश्न दिवसात वीसदा येईल. बहुतेकांना खरंच कौतुक आणि काळजी असते, त्यांच्याशी मोकळं बोला. या प्रवासाची अर्धी गोडी त्यातच आहे. फक्त आज मुक्काम कुठे हे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला सांगू नका. ‘पुढे चालले आहे, घरचे येतायत’ एवढं पुरतं, पुढच्या मोठ्या गावाचं नाव घ्या. घरच्या एकाच माणसाला मात्र सगळं माहीत असू द्या: निघाले, बोट ओलांडली, पोचले, असे तीन निरोप, ठरलेल्या वेळेला. निरोप सातपर्यंत आला नाही तर त्याने कुणाला फोन करायचा हेही आधीच ठरवा, म्हणजे घरमालकांचा नंबर त्याच्याकडे हवा. कुत्री अंगावर आली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मधे घ्या, ओरडा आणि चालत पुढे जा. पाठलागाला काही उरलं नाही की ती सहसा थांबतात.

बिघाडाचं म्हणाल तर गावागावांत सायकलचं दुकान असतं ही आपली जुनी समजूत आता सोडायला हवी. मोटरसायकलचं पंक्चर काढणारे मिळतात, पण तुमच्या ट्यूबला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्यांचा हवेचा पंप त्यावर बसत नाही. दहा-वीस रुपयांचं पितळी अ‍ॅडॉप्टर व्हॉल्व्हलाच लावून ठेवा. दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, साखळीची जोडकडी, ब्रेकचे एक जोडी गुटके आणि तुमच्याच सायकलचा मागचा हँगर, एवढं सोबत हवं. हँगर, म्हणजे मागची गिअर बदलणारी यंत्रणा ज्यावर बसवलेली असते तो छोटा तुकडा, प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि कोकणात कुठेही मिळणार नाही. पंक्चर झालं तर ट्यूब बदलून मोकळं होऊ नका. टायरच्या आतून कापडाची चिंधी गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. तो काढला नाही तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. रस्त्यात न सुटणारं काही झालंच तर छोटा हत्ती थांबवा, मालाच्या फेऱ्या सगळीकडे चालू असतात, पैसे आधी ठरवा. चिपळूण आणि रत्नागिरी ही दोन स्टेशनं तुमच्या बाहेर पडायच्या वाटा आहेत, ती नकाशावर खूण करून ठेवा.

पाचपर्यंत हेदवीत या. दशभुज गणपतीचं देऊळ टेकडीवर आहे, तिथे सामान उतरवून मगच जा. खाली समुद्रावर बामणघळ आहे, खडकाच्या चिंचोळ्या भेगेत भरतीच्या लाटा घुसून उंच उडतात; भरतीची वेळ विचारून घ्या आणि कडेला जाऊ नका, एकटीने तर नाहीच. घरगुती निवासात निदान आदल्या दिवशी सांगितलेलं असेल तरच जेवण मिळतं. माणसं मोजून तांदूळ टाकतात, ऐनवेळी आलेल्याला फार तर पिठलं-भात. सायकल पडवीत घेऊ द्याल का, हे खोली ठरवतानाच विचारा.

आंघोळीआधी सायकल, हा क्रम मोडू नका. आंघोळ झाली की हात काळे करायची इच्छा राहत नाही. सायकल उलटी करा, जुन्या बनियनची चिंधी साखळीभोवती मुठीत धरा आणि पेडल उलटं फिरवा. पहिल्यांदा चिंधीवर जांभ्याची तांबडी माती आणि काळं तेल यांचा चिखल येतो. तो साखळीच्या कड्या आतून झिजवत असतो. चिंधीची कोरडी बाजू वापरून पुन्हा फिरवा, जवळजवळ पुसट डाग येईपर्यंत. मग प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब तेल, दोन मिनिटं फिरवणं, आणि वरचं जादा तेल पुन्हा पुसून टाकणं. जादा तेल ठेवलं की उद्याची धूळ त्यालाच चिकटते. ब्रेकच्या गुटक्यांमध्ये खडा अडकला असेल तर पिनेने उचकटून काढा. एवढ्याला पंधरा मिनिटं लागतात. मग आंघोळ, धुणं, ओले कपडे कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळायचे म्हणजे दमट हवेतही सकाळपर्यंत वाळतात. आठच्या आत जेवण, नऊला झोप.

हेदवीनंतरचा दिवस मुद्दाम छोटा ठेवा: तवसाळहून जयगडची बोट, पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, गणपतीपुळ्याला मुक्काम, चाळीस किलोमीटरच्या आसपास. त्यानंतर आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरी, तिथे एक दिवस पूर्ण विश्रांती. मोठं गाव आहे, सायकलची दुरुस्ती, औषधं, डॉक्टर सगळं मिळतं, आणि पुढे पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग हा भाग पुन्हा असाच चढउतारांचा आहे. थकून तिकडे जाऊ नका.

राहिला प्रश्न तारखांचा. पंचवीस डिसेंबर ते एक जानेवारी हा आठवडा शक्य असेल तर टाळा. खोल्या भरलेल्या असतात, एकट्या माणसाला खोली द्यायला मालक नाखूश असतात कारण त्याच खोलीत चौघं येणार असतात, बोटींवर गाड्यांच्या रांगा लागतात आणि रस्त्यांवरची गर्दी वर सांगितली तशी. जानेवारीचा दुसरा आठवडा धरलात तर हवा जवळपास तीच, रस्ते मोकळे, आणि घरमालकांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो. रजा बदलता येत नसेल तर कर्दे, हेदवी आणि गणपतीपुळे या तीन रात्रींच्या खोल्या आत्ताच सांगून ठेवा, आणि सांगताना ‘सायकलवर येते आहे, पाचपर्यंत पोचेन, रात्री जेवायला आहे’ ही तिन्ही वाक्यं फोनवरच बोला.